लाल शाईतली नावं

टौरंगा, न्यूझीलंड, ९ मार्च २०२५

चि. संपदा,

आशीर्वाद द्यायची आज इच्छा नाही. पण सवय जात नाही, तेव्हा ते आहेत असं समज.

फोनवर तू हसतेस. मी बोलायला लागलो की पलीकडून आधी हसू येतं, मग चित्र अडकतं, मग तुझी आई ममता येऊन माझ्या हातातून फोन काढून घेते आणि तुला विचारते, जेवलीस का. म्हणून हे ईमेल. यात तुला मध्ये बोलता येणार नाही. उत्तर मराठीत हवं. आठव्या वर्षी तू पुण्याहून इकडे आलीस, तेव्हापासून दर सुट्टीत मी तुला शुद्धलेखन घातलं आहे. सबबी सांगू नकोस.

पेनरोजच्या कारखान्यात तुला इंजिनिअरची नोकरी होती. ती तू वर्षाच्या आत सोडलीस आणि आम्हाला कधी सांगितलंस, तर चीनचं तिकीट काढून झाल्यावर, पानावर वरण वाढून झाल्यावर. तुझा बाप म्हणाला, तिचं आयुष्य आहे. तुझी आई म्हणाली, हल्ली heaps of मुलं जातात. म्हणजे या घरात रागवायचं खातं माझ्या एकट्याकडे आहे.

तू तिथे इंग्रजी शिकवतेस म्हणे. मी चिंचवडच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं. बी.एड. करून. टाचण काढल्याशिवाय वर्गात पाऊल टाकलं नाही. तुझ्याकडे काय आहे? मी तुझ्या बापाला, मकरंदला, सहज विचारलं, मला घेतील का रे तिथे? तो म्हणाला, नाही बाबा, त्यांना इंग्रजीसाठी ठरावीक देशांचे पासपोर्ट लागतात, शिवाय तुमचं वय. वयाचं मी समजू शकतो. पासपोर्टला व्याकरण येतं हे मला नवीन आहे.

तू वर्गात नक्की काय करतेस ते सविस्तर कळव.

जनार्दन आजोबा

* * *

हुनान, १६ मार्च

ती. आजोबा,

नमस्कार. इथून वाकता येत नाही, तर मनातल्या मनात वाकले आहे.

तुम्ही रागावलात की तुमचं मराठी इतकं छान होतं की मी पत्र दोनदा वाचलं. सॉरी, पण हसलेच.

वर्गात काय करते ते सांगते. नऊ-दहा वर्षांची मुलं, एका वर्गात सेहेचाळीस. सकाळी सगळी शाळा मैदानावर लाऊडस्पीकरच्या तालावर हातवारे करते आणि फॉरेन टीचर म्हणून मला पहिल्या रांगेत उभं करतात. मी कायम उजवीकडे, बाकी दोन हजार जण डावीकडे. दुपारी जेवल्यावर सगळी मुलं बाकावर डोकं ठेवून झोपतात, शिक्षकसुद्धा. पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी गॅस लीक झालाय. प्रत्येकाकडे गरम पाण्याचा थर्मास असतो. मधल्या सुट्टीत मी गार पाणी प्यायले तर पहिल्या बाकावरची मुलगी धावत जाऊन लिन मॅडमना बोलावून घेऊन आली. लिन मॅडम म्हणजे माझ्या वर्गाच्या चिनी बाई, माझ्याबरोबर प्रत्येक तासाला असतात.

मुलांना इंग्रजी नावं घ्यायला लावतात. त्यांनी स्वतःच घेतलीत. माझ्या वर्गात एक पोटॅटो आहे, एक सेव्हन आहे, एक फ्रायडे आहे. पोटॅटो वर्गात पहिला येतो. त्यांनी विचारलं, न्यूझीलंडमध्ये तुम्ही शाळेत कशा जायच्या? मी म्हटलं, मेंढीवर बसून. सगळ्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका आईने प्रिन्सिपलना फोन करून विचारलं की मेंढी किती वजन पेलते.

शिकवायचं म्हणाल तर शाळेला माझ्याकडून गाणी आणि खेळ हवेत. शेजारच्या वर्गात आयर्लंडचा एक मुलगा आहे, सोनेरी केस, गिटार. त्याने मला सल्ला दिला, वीस मिनिटं नाच, वीस मिनिटं चित्रांवर पॉइंट कर, झाला तास. पालकांना तो फार आवडतो. मी न्यूझीलंडची आहे म्हटल्यावर ते जरा बघत राहतात, मग लिन मॅडमना काहीतरी विचारतात. असो.

बाकी सगळं मस्त, sweet as. आईला सांगा, जेवते.

संपदा

* * *

टौरंगा, २० मार्च

चि. संपदा,

पत्र वाचलं. हसू आलं नाही.

मुलाला तू बटाटा म्हणतेस? त्याच्या आईबापाने त्याचं नाव ठेवलं असेल ना? ते काय आहे, तुला माहीत आहे का? ज्या मास्तराला पोरांची नावं येत नाहीत त्याने फळ्याला पाठ लावून उभं राहू नये. मी जून संपायच्या आत चारही तुकड्यांची नावं पाठ करत असे. आडनावासकट. हुशार मुलांची नावं सगळेच लक्षात ठेवतात, मी मागच्या बाकावरून सुरुवात करायचो.

आणि गाणी कसली? नाच कसला? तुला तमाशाला नेलंय की शाळेत?

आता मी सांगतो ते कर. लिन बाईंकडून प्रत्येक मुलाचं खरं नाव त्यांच्या लिपीत लिहायला शीक. सत्र संपताना मी प्रत्येक मुलाला प्रशस्तिपत्रक देत असे. पहिल्या नंबरालाच नाही, प्रत्येकाला. मजकूर छापील, पण नाव माझ्या हाताने, लाल शाईने. काळ्या शाईत नाव निधनाच्या बातमीला असतं. मंगल गोष्ट कुंकवाच्या रंगात लिहायची. आमच्या शाळेतल्या मुलांच्या घरी ती पत्रकं अजून भिंतीवर आहेत. आणि तुझ्या त्या लोकांना लाल रंग वर्ज्य नाही, उलट आवडतो. आपल्या कोपऱ्यावरची dairy, ते दूध-किराण्याचं दुकान, चिनी जोडप्याची आहे, त्यांच्या नव्या वर्षाला सगळं दार लाल कागदांनी मढवलं होतं. मी दूध आणायला जातो तेव्हा बघितलं आहे.

तेव्हा लाल. हे ऐकशील का, एवढं तरी?

जनार्दन आजोबा

* * *

हुनान, १३ एप्रिल

ती. आजोबा,

नमस्कार. उशीर झाला कारण तुमचा गृहपाठ करत होते.

सेहेचाळीस नावं. एकेका अक्षरात दहा-पंधरा फटकारे, आणि कुठला आधी, कुठला नंतर, हेही ठरलेलं. लिन मॅडम शाळा सुटल्यावर अर्धा तास बसतात. त्यांना वाटतं मला वेड लागलंय. पण पोटॅटोला परवा त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, झांग वेनहाओ, तर तो उभाच राहिला, बसेना. फ्रायडेचं नाव ली सिछी आहे. ती आता मला रोज विचारते, म्हणा ना परत.

आता जे मागच्या पत्रात असो म्हणून सोडलं होतं ते सांगते. हसत सांगण्यासारखं नाही. पालकांनी तक्रार केली आहे. माझ्या शिकवण्याची नाही. आम्ही फॉरेन टीचरसाठी मुलांना या शाळेत घातलं आणि ही तर फॉरेनर दिसतच नाही, अशी. प्रिन्सिपलनी मला गोड बोलून सांगितलं की निदान नाव तरी सँडी घ्या, पालकांना सोपं जाईल. मी नाही म्हटलं. नऊ मेला ओपन डे आहे, सगळे पालक येणार. त्यानंतर माझा पुढच्या वर्षाचा करार द्यायचा की नाही ते ठरणार.

मला इथे राहायचंय, आजोबा. मनापासून. माझ्याच नावाने.

म्हणून ओपन डेला तुमची प्रशस्तिपत्रकं देणार आहे. लाल शाई आणली. कोणालाच सांगितलं नाही, लिन मॅडमनासुद्धा नाही. सरप्राइज.

संपदा

* * *

टौरंगा, १४ एप्रिल

चि. संपदा,

वाचल्यापासून डोकं तापलं आहे. मकरंद आणि ममता कामावर गेले की या घरात मी आणि फ्रिजचा आवाज. आज फ्रिजला पुष्कळ ऐकवलं.

फॉरेनर दिसत नाही म्हणजे काय? त्यांना इंग्रजी शिकायचं आहे की केसांचा रंग? आणि तू हे महिनाभर गिळून मला मेंढ्यांच्या गोष्टी सांगत होतीस. सँडी व्हायचं नाही. करार गेला तर गेला, सँडी व्हायचं नाही.

नावं ठळक लिही. शाई कमी पडू देऊ नकोस. त्या पालकांना बघू दे शिक्षक कशाला म्हणतात.

आशीर्वाद. या वेळेस इच्छेने.

आजोबा

* * *

हुनान, ११ मे

आजोबा,

नमस्कार वगैरे नंतर.

शुक्रवारी ओपन डे झाला. मुलांनी म्हणून दाखवलं, प्रश्नोत्तरं झाली, सगळं छान चाललं होतं. मग मी एकेकाला पुढे बोलावून, खरं नाव घेऊन, हातात पत्रक दिलं. पहिली चार-पाच मुलं जागेवर गेली आणि वर्ग गप्प झाला. मला वाटलं, लोक भारावलेत. मी हसत हसत देत राहिले. एका आईने मुलीच्या हातातून पत्रक घेऊन त्याची उलटी घडी केली. मग झांग वेनहाओची आजी उठली, बाईला धड चालता येत नाही, पुढे आली, माझ्या डोळ्यांसमोर तिने पत्रक फाडलं आणि तुकडे पर्समध्ये टाकले. जमिनीवर पडू दिले नाहीत. तेव्हा कुठे लिन मॅडमनी माझ्या खांद्यावरून बघितलं आणि माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला.

इथे जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहीत नाहीत. मेलेल्याचं लिहितात. ज्याला मारायचं ठरलंय त्याचं लिहितात. मी सेहेचाळीस मुलांची नावं, एकही फटकारा न चुकवता, त्यांच्या आईबापांसमोर, लाल शाईत लिहून वाटायला घेतली.

पुढच्या शुक्रवारी पालकसभा आहे. प्रिन्सिपल म्हणाले, माफी मागा, तरीही करार मिळेल असं नाही.

दोन दिवस मी स्वतःवर चिडले होते. आता तुमच्यावर चिडले आहे. तुम्ही कधी विचारत नाही. तुम्ही सांगता. dairyच्या दारावर लाल कागद दिसला, झालं, तुम्हाला चीन कळला. त्या बाईंना एकदा विचारलंत? मला तरी कधी काही विचारलंत? पेनरोजची नोकरी का सोडली हे तुम्ही घरभर ओरडून मोकळे झालात, पण प्रश्न म्हणून एकदाही विचारलं नाही. तिथे पहिल्या दिवशी बॉसने मला सॅम केलं. बॅजवर सॅम, ईमेलवर सॅम. मी तिथे असेपर्यंत सॅम होते आणि एकदाही काही बोलले नाही, आणि त्याची मला इतकी लाज वाटायला लागली की तिथे बसवेना. इथे सेहेचाळीस पोरं मला पूर्ण नावाने हाक मारतात. तेच मला टिकवायचं होतं.

तुमचं ऐकलं म्हणून जातंय. चूक माझी आहे कारण मीही कोणाला विचारलं नाही. ते मी तुमच्याकडूनच शिकले.

संपदा

* * *

टौरंगा, १२ मे

संपदा,

माझ्यावर आवाज चढवायचं कारण नाही. मी सांगितलं ते प्रेमाने आणि अनुभवाने. आपल्याकडे लाल रंग शुभ आहे, तो काही आज झालेला नाही. कोणी मुलाला मारलं नाही, नाव लिहिलं आहे. एवढ्यावरून म्हाताऱ्या बाईने पत्रक फाडायचं? शिक्षकाने दिलेला कागद? माझ्या वर्गात असं कोणी केलं असतं तर मी पालकांनाही उभं केलं असतं.

माफी मागू नकोस. हेतू शुद्ध होता, हे त्यांना ठणकावून सांग.

जनार्दन आजोबा

* * *

हुनान, १२ मे

आजोबा,

पत्र मिळालं. आता पुढचं लिहू नका.

* * *

टौरंगा, १४ मे

चि. संपदा,

लिहू नका म्हणालीस, तरी लिहितो आहे. याचाही राग धर.

आज सकाळी dairyत गेलो. मनात होतं की त्या दुकानवाल्या बाईंकडून माझंच बरोबर आहे असं वदवून घ्यावं आणि तुला कळवावं. खोटं कशाला बोलू. खिशात लाल पेन होतं. दूध घेतलं, पैसे दिले, म्हटलं, तुमचं नाव काय? रोज जातो मी तिथे, पण नाव माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, हुई. मी पावती पालथी केली, लाल पेन उघडलं आणि त्यांचं नाव इंग्रजीत लिहायला घेतलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. रागाने नाही. आपण विस्तवाकडे हात नेणाऱ्या पोराचं धरतो तसं. पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि काउंटरच्या खाली ठेवून दिलं. मग म्हणाल्या, "Uncle, please. My mother is not well."

एवढंच. आईचा संबंध मला आधी कळला नाही. घरी येईपर्यंत कळला: घरात आजारी माणूस असताना लाल शाईत नाव म्हणजे मरणाला बोलावणं. रस्ताभर गाड्या जात होत्या आणि मी फूटपाथवर दुधाची बाटली घेऊन उभा होतो. त्यांना ते शास्त्र म्हणून माहीत नव्हतं, त्यांना भीती वाटली होती. तशीच भीती तू त्या घरांत वाटलीस, माझ्या सांगण्यावरून.

मला राग आलेला आहे. कोणावर काढू? या घरात माझ्याशिवाय दुसरं कोणी सापडत नाही.

सोबत इंग्रजीत एक पत्र जोडलं आहे. सभेत वाचायचं असलं तर वाच, नसलं तर टाकून दे. लिन बाईंना चिनीत सांगायला सोपं जावं म्हणून वाक्यं छोटी ठेवली आहेत. त्याचा मजकूर असा:

'मी संपदाचा आजोबा. मीही शिक्षक होतो. लाल शाई माझी. आमच्याकडे मंगल गोष्ट लाल रंगात लिहितात. तुमच्याकडे काय असतं हे मी विचारलं नाही. शिक्षकाने आधी विचारायला हवं होतं. तुमच्या मुलांची नावं तिने स्वतः शिकली, ते श्रेय तिचं. शाईचा दोष माझा. मी तुमची क्षमा मागतो.'

पालकांची क्षमा मी आजवर मागितलेली नाही. कशी मागतात ते ठाऊक नसल्यामुळे काही राहिलं असेल तर भर घाल.

तू पेनरोजची नोकरी का सोडलीस ते कळलं. मी विचारायला हवं होतं.

आजोबा

* * *

हुनान, १ जून

ती. आजोबा,

नमस्कार.

मी अजून रागावलेली आहे, हे आधी सांगते. आता सभेचं.

आधी मी माझ्या चुकीची माफी मागितली. मग तुमचं पत्र वाचलं आणि लिन मॅडमनी एकेक वाक्य चिनीत सांगितलं. एका वडिलांनी विचारलं, हे आजोबा कोणत्या देशात राहतात? न्यूझीलंड म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग तेच का नाही आले शिकवायला? मला हसू आलं आणि त्याच वेळी, तुमची पासपोर्टची गोष्ट आठवून, तुमच्या वतीने संतापही आला.

मग ली सिछीची आई उठली. तीच, जिने पत्रकाची उलटी घडी केली होती. ती म्हणाली, आमच्याकडे दोन वर्षं फॉरेन टीचर येताहेत, माझी मुलगी त्यांच्यासाठी फ्रायडे आहे. हिने माझ्या मुलीचं नाव लिहिलं. चुकीच्या शाईत लिहिलं, पण बरोबर लिहिलं. ती एवढं बोलून बसली. बाकीचे आपसात बराच वेळ बोलत राहिले, लिन मॅडमनी मला त्यातलं सगळं सांगितलं नाही. काहींना मी अजून नको आहे. पण करार मिळाला, एका वर्षाचा. त्यावर संपदा लिहिलंय.

त्यानंतरच्या सोमवारी झांग वेनहाओची आजी शाळेत आली. तिने ब्रश, शाई आणि कागद आणले होते. माझ्यासमोर बसली आणि मला तिच्या नातवाचं नाव काळ्या शाईत लिहायला लावलं. माझा हात धरून दोन ठिकाणी दुरुस्त केलं. मग लिन मॅडमना सांगितलं, हिला कळू दे. ती लहान असताना एका सकाळी भिंतीवर तिच्या वडिलांचं नाव लागलं होतं आणि त्यावर लाल खूण होती. नंतर ते घरी आले नाहीत. तिने हे बाजाराचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि चहा मागितला.

जाताना तिने विचारलं, पत्र लिहिणाऱ्या आजोबांचं नाव काय? मी सांगितलं. तिला म्हणता येईना. लिन मॅडमनी आवाजाला जुळतील अशी अक्षरं शोधून काढली. आजीने नवा कागद घेतला, शाई घोटली, आणि तुमचं नाव लिहिलं. मग मला विचारलं, हा माणूस जिवंत आहे ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग त्याला सांग, जिवंत माणसाचं नाव असं लिहितात.

कागद आजच पोस्टाने पाठवला आहे.

संपदा

* * *

टौरंगा, २३ जून

चि. संपदा,

अनेक आशीर्वाद.

अजून एक वर्ष येणार नाहीस, हे वाचून राग आला. तो असू दे, त्याच्यावाचून मला करमत नाही.

कागद मिळाला. नळीतून काढताना मकरंद म्हणाला, बाबा, जपून. या देशात माझं नाव सगळीकडे छापील असतं. औषधाच्या बाटलीवर, व्हिसाच्या कागदावर, लायब्ररीच्या कार्डावर. घरात मी बाबा, तुझ्यासाठी आजोबा, दुकानात अंकल. हाताने, सावकाश बसून, माझं नाव शेवटचं कोणी लिहिलं होतं ते मला आठवेना. ममताने खुर्ची दिली.

तुझी आजी असती तर काळ्या शाईतलं नाव तिने भिंतीवर लावू दिलं नसतं. मी लावलं आहे, माझ्या पलंगासमोर. मला वाचता येत नाही. पण सकाळी डोळे उघडले की आधी ते दिसतं.

त्या बाईंनी तुला जे विचारलं त्याचं उत्तर तू माझ्या वतीने दिलंस. आता माझ्याकडून त्यांना परत एकदा सांग. आहे म्हणावं. जिवंत आहे.

जनार्दन